बोटाला लावलेली शिस्त

रावेतहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. नावं आम्ही एकमेकींना कधी विचारली नाहीत. ती पॅकिंगला होती, बोली मराठवाड्याची. मोबाइलवर साड्या, नाच, विनोद ती बोटाने भराभर वर सरकवायची. मशीन चालवायला शिकवणारा व्हिडिओ आला की मात्र शेवटपर्यंत बघायची.

एकदा एका तान्ह्या बाळाचा व्हिडिओ आला. तिचं बोट क्षणभर अडखळलं, मग तिने तोही सरकवला.

"माझं लेकरू गेलं तवा मी असलेच व्हिडिओ बघत बसायची," ती म्हणाली. "बोट जिथं थांबतं, तेच हा मोबाइल पुन्हा दाखवतो, ताई. मग दिवसभर बाळंच बाळं. शेवटी ठरवलं, मला काय शिकायचंय ते मीच ह्याला सांगणार."

दिवाळीनंतर ती बसमध्ये दिसेना. गेल्या आठवड्यात गेटवर भेटली. कंपनीतली परीक्षा देऊन ती मशीन शॉपला, सुटे भाग बनवणाऱ्या विभागात गेली होती, शिफ्टही बदलली होती. हातांना ऑइलचा वास येत होता.

"मी बनवलेला पहिला पार्ट तपासणीत पास झाला," म्हणत तिने मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. बस हॉर्न देत होती, तरी मी तो नीट बघून घेतला.