माझा नियम सगळ्यात वर

दोन हजार चोवीस साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, आणि तळवड्यातल्या आमच्या शेडचा मालक. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीला आम्ही लोखंडी भाग कातून देतो. ते काम माझ्या सुनेनं आणलेलं. मी आणलेली कामं याहून मोठी होती, पण ती आता बंद पडलीत.

त्या वर्षी कंपनीला नवीन हुक्की आली. भाग मापात आहे एवढ्यानं त्यांचं समाधान होईना. तुमच्या मशीनी दिवसभर काय करतात तेही आम्हाला चाकणात बसून दिसलं पाहिजे, म्हणे. मशीन कधी सुरू झाली, कधी थांबली, हे ती स्वतःच टिपून ठेवते, त्याला लॉग म्हणतात. हे लॉग आपोआप चाकणला जायचे होते आणि जात नव्हते. एका सकाळी तिकडच्या साहेबाचा फोन आला. आज संध्याकाळपर्यंत लॉग दिसले नाहीत तर काम दुसऱ्या शेडला. सुनेनं फोन ठेवला आणि टेबलाकडं बघत बसली. हे काम मिळवायला तिनं चाकणचे किती उंबरे झिजवले होते ते मी पाहिलं होतं.

मग इंजिनियरला बोलावलं. मारुंजीत खोली घेऊन राहतो, मूळचा मराठवाड्याचा. आमच्या शेडची फायरवॉलची पेटी त्यानंच बसवलेली. पेटी म्हणजे आपला गेटवरचा वॉचमन. कुणाला आत सोडायचं, काय बाहेर जाऊ द्यायचं, ते तिच्यात नियम लिहून सांगायचं.

त्यानं आधी वायर बदलली. मग मशीन बंद करून चालू केली. मग चाकणला फोन लावला. चाकण म्हणालं, "आमच्याकडून ओके आहे." हा म्हणाला, "आमच्याकडून पण ओके आहे." दुपारपर्यंत दोन्हीकडं सगळं ओके होतं, फक्त लॉग जात नव्हते.

शेवटी त्यानं पेटीच्याच आत डोकावून पाहिलं आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"काय झालं?" सून म्हणाली.

"ताई, लॉग पेटीच अडवायलीय. लॉग सोडायचा नियम मी लिहिलाय, पण तो खाली हाय. वर काकांचा नियम हाय."

खरं होतं. पेटी बसवली तेव्हा मी सांगितलं होतं, मशीनीतलं काहीही बाहेर जायचं न्हाई, आणि हा नियम सगळ्यात वर लिव्हायचा. मालकाचा शब्द वर नाही तर कुठं? आमच्याकडं फ्लेक्सवर कुणाचा फोटो वर लावला यावरून भावकी फुटते.

"पेटी वरून खाली वाचती, काका. पहिला नियम लागू पडला की पुढचं वाचतच नाही."

"मग शहाणीच हाय की पेटी."

"मामा," सून म्हणाली, "तुमचा नियम तळाला न्यावा लागेल."

"तळाला? माझ्या शेडात? चाकणवाला वर आन् मी तळाला?"

"मामा, चार वाजलेत."

"वाजू देत. माझा नियम हलणार न्हाई."

सून उठून बाहेर गेली आणि टेंपोजवळ पाठ करून उभी राहिली. इंजिनियरनं तिच्याकडं पाहिलं, मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"काका, गावच्या बैठकीत म्हातारा माणूस कधी बोलतो?"

"शेवटी."

"का?"

"सगळ्यांचं झालं की त्याचा निकाल."

"तसंच हाय हे. चाकणच्या लॉगला तेवढी वाट द्यायची. बाकी जे कुणी येईल जाईल त्याला शेवटी तुमचा नियम गाठणार. त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही."

मस्का होता, एवढं मला कळतं. पण खोटंही नव्हतं. मी म्हणालो, "न्या मग. पण माझ्या खाली कुणाचा नियम लिव्हायचा न्हाई." तो म्हणाला, लिहीत नाही. चाकणला लॉग गेले. काम राहिलं. सून आत आली आणि तिनं स्वतः चहा टाकला.

चहा संपतोय तोवर साहेबाचा फोन. "मॅडम, लॉग मस्त येतायत. आज सकाळचं साठलेलंही आलंय, त्यात दिसतंय, मशीनला वीज आहे, पण बराच वेळ काम सुरू नाही. काय प्रॉब्लेम?"

सुनेनं फोनवर हात ठेवला. "मामा, तुमची मशीनपुढची पूजा, आरती आणि नंतरचा पेपर. काय सांगू?"

"सांग, मशीन गरम व्हायला येळ लागतो."

"मामा, ती गरम झाली की तेही लॉगमध्ये येतं."

मी तिला त्या साहेबाला काहीही उत्तर देऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेलो, आधी मशीनला माल लावला, बटण दाबलं, आणि मग चालत्या मशीनशेजारी उभं राहून, तिच्या आवाजाच्या वर आवाज काढून पुरी आरती म्हटली.