ओला, सुका आणि गावोगावचे नियम

घंटागाडी चालवणाऱ्याकडं किस्से किती साठतात म्हणून सांगू! गाडी रोज डेपोवर रिकामी होते, डोकं काही होत नाही. सोलापुरात भवानी पेठेच्या फेरीवर मी बरीच वर्षं स्टेअरिंगवर होतो आणि मागं सुभद्रामावशी. ओला एका कप्प्यात, सुका दुसऱ्यात. गल्लीला हे शिकवायचं काम मावशीचं, ओरडायचं माझं!

*

विणकरांच्या घरातली एक तेलुगू आजी होती, सगळे तिला अव्वा म्हणायचे. एकदा नारळाची करवंटी घेऊन आली. "हे ओलं का सुकं?"

"सुकं," मावशी म्हणाली.

"बार्शीला माझी लेक ओल्यात टाकते की."

"तितलं तितं. हितं सुकंच."

अव्वा विचारात पडली. "म्हणजे बार्शीला गेला की नारळ ओला होतो?"

मावशी हसता हसता कचऱ्यातच बसली!

*

एक रिटायर्ड मास्तर पुण्याला मुलाकडं राहून आले. आल्यावर रोज तीन पिशव्या, प्रत्येकीवर सुंदर अक्षरात लेबल. "पुण्यात असंच देतात!"

आमचे कप्पे दोनच आणि मावशीला वाचता येत नव्हतं. मग मास्तर रोज एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवायचे. मी हॉर्न मारत बसायचो, "मावशी, शाळा सुटली का?"

मास्तर वारले, तेव्हा चौकातल्या फळ्यावर नाव लागलं. ते मावशीनं मला वाचून दाखवलं. एकेक अक्षर जोडत, पण बरोबर.

"थांब की जरा," ती म्हणाली.

मी गाडी पुढं काढली. उशीर झाला होता.

*

विजापूरची एक सून नवीन राहायला आली. मराठी जेमतेम. सासूची इन्सुलिनची सुई ती वेगळ्या बाटलीत घालून आणायची, माहेरी तशीच सवय होती.

मी खेकसलो, "ही तिसरी भानगड कशाला? विजापूरचं विजापुरात!"

"अण्णा, ह्यात सुई..."

मी पुढचं ऐकलंच नाही. सगळी गल्ली बघत होती. बाई मान खाली घालून परत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं एकाच पिशवीत दिलं. मावशीच्या बोटात सुई गेली.

मावशीनं बोट दाबून धरलं. "ती सांगत होती की रे."

पुढं रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आले. तोवर दर तपासणीला मीच मावशीला बाइकवरून न्यायचो.

*

रिटायर झाल्यावर मावशी पंढरपूरला मुलाकडं गेली. त्याच्या गल्लीत देवाच्या हारांची पिशवी वेगळी द्यायची. पहिल्याच दिवशी मावशीनं हार ओल्यात टाकला. गाडीवरची बाई डाफरली, "आजी, एवढं कळत न्हाय व्हय?"

"चुकलं बाई," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशी डबा घेऊन खाली आली, ती थेट गाडीवरच चढली आणि कचरा निवडायला लागली! मुलगा अनवाणी मागं धावला. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं.

"आई, उतर की! रिटायर झालीस तू!"

मावशीनं मान वर केली नाही. "घरी जाऊन काय करू ते सांग. मग उतरते."

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

तो म्हणाला, "गल्ली संपेपर्यंत गाडीमागनं चालत राहिलो."