वन्सं सिनेमा काढतात

प्रेमविवाहाशी दुरूनही संबंध आलेला नाही, पण प्रेमावर साऱ्या रायगड जिल्ह्यात सर्वांत जास्त विश्वास आहे, अशा बाईंना भेटायचं असेल तर श्रीवर्धनला माझ्या थोरल्या वन्संकडे जावं. वन्संचं लग्न रीतसर पत्रिका जुळवून झालं. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, सुपारीच्या वाडीत रमणारे आणि बोलण्याच्या बाबतीत कमालीचे काटकसरी. ‘चहा’ हा एकच शब्द ते निरनिराळ्या सुरांत म्हणतात आणि चहा हवाय, गार झालाय की साखर कमी पडलीय, हे घरच्यांनी ओळखायचं असतं. अशा माणसाशी संसार करून वन्संचा प्रेमावरचा विश्वास वाढला कसा, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण वाढला खरा. कुणाच्याही लग्नाची पत्रिका हातात पडली की मुहूर्त, कार्यालय वगैरे बघायच्या आधी त्या आणणाऱ्यालाच विचारतात, “ठरलेलं की जमलेलं?” जमलेलं असेल तर बिचाऱ्याला लाडू मिळतो. ठरलेलं असेल तर नुसतं पाणी.

हल्लीच्या प्रेमाच्या सिनेमांवर त्यांचा फार राग. “दोन तास जीव लावून बघायचं आणि शेवटी त्यातल्या एकानं मरायचं, ही काय पद्धत झाली? मरायला नात्यात माणसं कमी आहेत का?” हे त्या इतक्या तावातावानं म्हणत की जणू सगळे निर्माते समोरच्या झोपाळ्यावर बसले आहेत. एकदा दिवाळी आटोपल्यावर पनवेलला माझ्या घरी त्यांचा फोन आला. “मी सिनेमा काढतेय. प्रेमाचा, विनोदी. तुझ्या त्या दोन बऱ्यापैकी साड्या आहेत ना, त्या पाठव. नाहीतर असं कर, तूच घेऊन ये.” मी साड्या घेऊन गेले आणि पोचल्या पोचल्या नायिकेची आई झाले. नायिकेची आई पडद्यावर नसेल तेव्हा ती ध्वनिमुद्रण करील, असंही ठरलेलं होतं. आंबे काढायच्या लांब झेल्याला माईक बांधून तो मी प्रेमिकांच्या डोक्यावर धरायचा. उन्हाचा उजेड तोंडावर पाडायला घरातल्या दोन पराती घासून लख्ख केल्या होत्या. त्या दिवसांत आम्ही कणीक पातेल्यात मळत असू.

कथा वन्संचीच. बँकेतली एक मुलगी बिघडलेला मोबाईल दुरुस्तीला घेऊन येते. दुकानातला मुलगा तो दुरुस्त करतो, पण ती परत यावी म्हणून कुठंतरी थोडासा बिघडलेला ठेवतो. सिनेमाभर हेच चालतं. “एका मोबाईलमध्ये सगळा सिनेमा बसवलाय,” असं त्या अभिमानानं सांगत. नायक म्हणून एसटी स्टँडजवळ खरोखरच मोबाईल दुरुस्त करणारा नीलेश पकडला होता. दिसायला देखणा, फक्त शुद्ध भाषेत बोलायला लावलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा. नायिका गावातल्या बँकेतली क्षितिजा, मूळची नांदेडची, हसली की काउंटरवरची रांगसुद्धा हसायची. कॅमेरा सदानंदकडे. तो लग्नाची शूटिंगं करणारा, त्यामुळे दोन माणसं शेजारी उभी दिसली की नकळत “स्माईल” म्हणायचा, आणि नायक-नायिकेचं भांडण रंगात आलं की कॅमेरा हळूच वळवून भोवती कोण कोण नातेवाईक बसलेत ते घ्यायचा.

समुद्रावरचा प्रसंग तर मी विसरणार नाही. नायकानं विचारायचं, “तुला इथं करमतं का?” आणि नायिकेनं म्हणायचं, “आता करमायला लागलंय.” नीलेशचा प्रश्न धड व्हायला इतका वेळ गेला की प्रश्नाच्या वेळी ओहोटी होती आणि उत्तराच्या वेळी भरतीचं पाणी क्षितिजाच्या पायाशी आलं. सदानंद म्हणाला, “काकू, हे जुळत नाही.” वन्सं म्हणाल्या, “प्रेमात उत्तर यायला वेळ लागतोच. असू दे.” दोघं ओली होऊन हसत सुटली होती. नीलेश तिच्या चपला शोधायला पाण्यात धावला. वन्सं मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, “बघ, काय अभिनय करतोय पोरगा!” आमच्यासाठी चहाची किटली घेऊन आलेले अण्णा माझ्याकडे बघून फक्त खाकरले.

आणि अर्धा सिनेमा झाला असताना क्षितिजाची बदली झाली, थेट नांदेडला. घरच्या गावी बदली म्हणून तिला आनंद झालेला, आणि तो लपवता येईना म्हणून ती ओशाळलेली. वन्सं एक दिवस सुतकात असल्यासारख्या बसल्या. दुसऱ्या दिवशी नवी साडी नेसून बँकेत गेल्या. क्षितिजाच्या खुर्चीत रेवती नावाची नवी मुलगी येऊन बसली होती. पुरती स्थिरावलीही नव्हती. वन्संनी तिला विचारलं, “तिच्या जागी आलात ना तुम्ही? मग सगळ्याच जागी या.” त्या मुलीला काय वाटलं देव जाणे, पण ती आली. चेहरा बदलला त्याचं काय करायचं, यावर वन्संनी एका संवादात तोडगा काढला. नायक म्हणतो, “आज वेगळीच दिसतेस.” नायिका म्हणते, “केस धुतलेत.” झालं. कुणाच्या लक्षातही येणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

पण नीलेश पार बिघडला. संवाद आता बिनचूक म्हणायचा, घामही येईना, पण डोळे कुठंतरी तिसरीकडे. “अरे, तिच्याकडे बघ ना!” वन्सं ओरडायच्या. तो म्हणायचा, “बगतोय की काकू.” बघत नव्हता. गावातल्या पोरापोरींच्या चालण्यावरून प्रेम ओळखणाऱ्या वन्संना आपल्या अंगणातलं कळलं नव्हतं.

मग नायकाच्या वडिलांचा प्रसंग आला. वडील अर्थात अण्णा. त्यांना एकच वाक्य होतं, “बाळा, मनातलं बोलून टाक.” वन्संनी ते त्यांच्याकडून आठवडाभर घोटून घेतलं होतं. ओटीवर अण्णा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले, नीलेश समोर पायरीवर. कॅमेरा सुरू झाला. मी झेला पुढे केला. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला, नीलेशकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “नांदेडची गाडी पनवेलहून सुटते.”

सदानंदचा कॅमेरा चालूच. “अहो, हे वाक्य कुठं आहे?” वन्सं म्हणाल्या. नीलेश उठला, अण्णांच्या पाया पडला आणि सिनेमातल्या कपड्यांनिशी फाटकातून बाहेर गेला. वन्सं फाटकाकडे बघत राहिल्या. मग सावकाश खाली बसल्या. “म्हणजे तो अभिनय नव्हता?” त्यांनी मला विचारलं. अण्णा पुन्हा सुपारी कातरायला लागले होते.

पोरगा परत येईपर्यंत वन्संनी दर एसटीला कुणाला तरी स्टँडवर पिटाळलं. लग्नाचं कुठं करायचं, इथंपर्यंत त्या मनानं पोचल्या होत्या. तो आला तो एकटाच. ओटीवर बसला, पाणी प्यायला. “चांगली वागली काकू,” तो म्हणाला. “जेवल्याशिवाय सोडलं न्हाय. स्टेशनवर पोचवायला पन आली. पन तिचं लगीन व्हायचंय. बदली त्यासाठीच मागून घेतलेली.” वन्संनी सवयीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ‘ठरलेलं की जमलेलं’ विचारणार. पण त्यांनी विचारलं नाही. उठून आत गेल्या आणि ताट वाढून आणलं.

राहिला होता फक्त शेवट. नायिका एसटीत चढतेय आणि नायक “थांब” म्हणतो. वन्सं म्हणाल्या, “राहू दे रे. मी गोष्ट आधीच संपवते. नाही गोड झाली तरी चालेल.” हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मला कसंसंच झालं. नीलेश म्हणाला, “न्हाय काकू. घेऊया. सिनेमात तरी जमू दे.”

स्टँडवर ते दृश्य एकदाच घेतलं. रेवती पायरीवर पाय ठेवते, नीलेश म्हणतो, “थांब.” मोठ्यानं नाही. पण गाडीतली माणसं वळून बघायला लागली आणि कंडक्टरनं घंटी न वाजवता दोरी नुसतीच धरून ठेवली. सदानंद “स्माईल” म्हणायला विसरला. रेवती खाली उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कथेत नव्हतं.

सिनेमा वन्संच्या खळ्यात, सुपारी वाळत घालायच्या जागेवर, चादर बांधून संध्याकाळी दाखवला. ‘केस धुतलेत’ला खळं इतकं हसलं की पुढचे चार संवाद कुणाला ऐकू आले नाहीत. वन्सं आधी चपापल्या, मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसू लागल्या. शेवटी शिट्ट्या पडल्या. मी वळून बघितलं तर वन्सं पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या नीलेशच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या. तो टाळ्या वाजवत होता, मनापासून.

त्यानंतर त्यांनी सिनेमा काढलेला नाही. पराती स्वयंपाकघरात परत गेल्या, रेवतीचीही बदली झाली. आता अधूनमधून दुपारचा फोन येतो. “काय गं, तुमच्या सोसायटीत कुणी हसरी, मोकळी मुलगी आहे का? समुद्र आवडणारी?”

“कशासाठी हो वन्सं?”

“सिनेमासाठी. दुसरं कशासाठी?”

“आणि नायक?”

“नायक आहे आपल्याकडे.”

“बरं, कथा काय आहे या वेळी?”

वन्सं म्हणतात, “कथेचं बघू गं नंतर. आधी मुलगी तर मिळू दे.”