फाटक्या आवाजाचा डबा

थांबा, जेवण नंतर, आधी हे सांगू द्या, नाहीतर मी फुटेन! अख्ख्या नागपुरात माझ्या मित्राच्या आईएवढा खरखरीचा दुश्मन दुसरा कोणी नाही. पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेली ही प्रताप नगरची काकू पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी स्क्रू पिळायचा पेचकस ठेवते. कोणाच्या घरी गेली की आधी पंखा ऐकते, मग चहा घेते. सक्करदऱ्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना लाउडस्पीकर घोगरा झाला, तर ही उठलीच. "भटजी, दोन मिनिटं थांबा जी." अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, अक्षता मुठीत घामानं भिजल्या, आणि काकू स्टुलावर चढून भोंग्याची वायर कसून राहिली! खाली उतरून म्हणते, "हं, म्हणा आता. 'सावधान' तरी नीट समजू द्या पोराले."

आणि अशा बाईकडे मी गेलो आवाज फाडून मागायला! काय करता, कॉलेजच्या मागच्या गॅदरिंगला माझ्या गिटारवर पोरं ओरडली होती, "अंगाई बंद कर बे!" यंदाही तसंच झालं असतं तर मी पुन्हा स्टेजवर चढलो नसतो, देवाशपथ. मला पाहिजे होता विलायती रेकॉर्डवरच्या गिटारचा तो गुरगुरणारा, चिरफाळलेला आवाज.

"काहून गा?" काकू बघतच राहिली. "लोक फाटलेला माझ्याकडे शिवायले आणतात, अन् तू चांगला फाडायले आणला?"

तरी तिनं बनवला. सुपारीच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसवलं, भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं, मी तार छेडली, आणि काय सांगू, इतका स्वच्छ आवाज माझ्या गिटारनं जन्मात काढला नव्हता! काकूनं जीभ चावली. "सवय गा. खरखर ऐकली का माझा हात आपोआप ती गाळणाऱ्या कंडेन्सरकडे जाते." असं तीनदा झालं, तीनदा! चौथ्यांदा तिनं जुगाड काढला. गिटारचा आवाज डब्यात शिरला की त्याला दोन रस्ते. एका रस्त्यावर ट्रान्झिस्टर आणि डायोड त्याच्या पार चिंध्या करतात, दुसऱ्या रस्त्यानं तो आंघोळ करून निघाल्यासारखा सरळ जातो. शेवटी दोघं पुन्हा एक होतात, आणि कोणाचा किती ठेवायचा त्यासाठी रेडिओसारखे पिळायचे दोन कान. "एक उंडारू दे, एक घरी राहू दे," काकू म्हणाली. दोन्ही कान अर्धे-अर्धे पिळले, तर आवाज मेला! नुसती चिमणीची चिवचिव. काकू दोन दिवस डब्यातच डोकं घालून बसली, भाजीत मीठ दोनदा पडलं, मित्रानं मुकाट्यानं खाल्लं. मग एकदम ओरडली, "अरे, एकाची लाट वर जाते तवा दुसऱ्याची खाली जाते! एकमेकाले खाऊन राहिले मेले!" फाटक्या रस्त्यावर अजून एक ट्रान्झिस्टर टाकून तिनं त्याला सुलटा केला आणि बाप रे! खाली गिटार स्पष्ट, वर वाघ! मी खोलीभर नाचलो.

"एक आयक," काकू म्हणाली. "हा माझावाला, साफ आवाजाचा कान पूर्ण बंद नाही करायचा. तू काय वाजवून राहिला, ते तर समजलं पाहिजे."

"पक्का, काकू!"

काल गॅदरिंग झालं. काकू शाल घेऊन तिसऱ्या रांगेत. मी सुरू केलं आणि हॉल उसळला! शिट्ट्या, बाकं बडवणं, "अजून, अजून!" आणि मी, खरंच सांगतो, वाकून फाटका कान पार वर केला आणि काकूवाला पार खाली. शेवटपर्यंत तसाच. पोरांनी खांद्यावर घेतलं मला.

बाहेर आलो तर काकू दारापाशी उभी. "पोरं खूश झाली गा," म्हणाली. मग हळूच, "माझावाला ऐकू नाही आला. सोल्डर सुटलं असंल माझंच. उद्या डबा आण, पाहून देईन."

मी "हो" म्हणालो.

आता डबा समोर आहे. सकाळपासून चारदा उघडून पाहिला, एकही जोड सुटलेला नाही. ती उघडेल आणि एका सेकंदात समजेल. मघापासून विचार करून राहिलो, आतली एक वायर आपणच ओढून तोडावी काय? तुमच्यासोबत झालं का असं कधी? काय केलं मग तुम्ही?