बाळूकाका काय सांगत होता

आधी माफी मागतो. पुरवणीत लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्याच्याबद्दल लिहायचं, तो माझा बाळूकाका काही नावाजलेला माणूस नव्हता. त्याला स्वतःची सहीसुद्धा येत नसे. पण तो जाऊन दीड महिना होत आला, आणि त्याच्या जाण्याबद्दल आमच्या घरात जे बोललं गेलं ते तसंच राहू नये असं वाटतं... म्हणून लिहितो.

बातमी आली ती शेजारच्या फोनवर. बडोद्यात फतेगंजला राहतो, आमच्याकडे अजून फोन नाही. पटेलकाकींनी खिडकीतून हाक मारली, "करजणथी फोन छे, जलदी आवो." काका करजणला राहायचा; तिथल्या बाजारात टेम्पो मागे येताना त्याला धडक बसली होती, डोक्याला मार होता आणि त्याला बडोद्याच्या दवाखान्यात आणत होते. आम्ही पोचलो तेव्हा तो बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

बाबा काय म्हणत होते ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. काका बाबांचा धाकटा भाऊ. वय चाळिशीचं, समज लहान मुलाची, असं सगळे सांगत. मला ते कधी नीट पटलं नाही, कारण घरात कोण कोणावर रुसलंय हे सगळ्यांत आधी त्यालाच कळायचं. आजी होती तोवर ती त्याला आंघोळ घालायची, भात कालवून द्यायची. ती गेल्यावर पंचाईत झाली. बाबा मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर, पाळ्या बदलत्या. आई खंडेराव मार्केटमागे मसाल्याच्या दुकानात. दिवसभर काकाला आत ठेवून बाहेरून कडी लावायची, असं काही महिने चाललं. मग कोणीतरी करजणच्या त्या घराबद्दल सांगितलं. तसं साधं भाड्याचं घर, त्यात काकासारखे पाच जण, दिवसा रमीलाबेन, रात्री एक भाई. ज्याला जे जमेल ते त्यानं स्वतः करायचं, न जमेल तिथे मदत मिळायची. आमच्यासाठी हे नवीनच होतं.

"पाच वेड्यांनी संसार करायचा," बाबा म्हणाले, "आणि बेन ओटल्यावर बसून बघणार."

पहिल्या भेटीत काकानं आमच्यासाठी स्वतः चहा केला. अर्धा बशीत सांडला होता. "मी केला," तो म्हणाला. आईनं दोनदा मागून घेतला. बाबांनी मात्र त्याचा हात धरून बोटावरचा भाजल्याचा डाग उजेडात नेऊन पाहिला.

तेव्हापासून दर रविवारची भेट म्हणजे तपासणीच झाली. बाबा मोरीत डोकावायचे, डाळीचा डबा उघडून हुंगायचे, काकाचा सदरा वर करून पाठ बघायचे. काका गुदगुल्या झाल्यासारखा हसायचा. परतीच्या बसमध्ये एकदा आई म्हणाली, "सासूबाई होत्या तेव्हा त्याची पाठ कधी बघितलीत?" बाबा करजण ते बडोदं खिडकीबाहेर बघत राहिले. पण खरं सांगायचं तर संशय मलाही होताच. रमीलाबेन फार हसून बोलायच्या, आणि आम्ही येणार म्हणून घर आवरून ठेवलंय असं नेहमी वाटायचं.

शेवटच्या वर्षी काका बदलला. दारातून हाक मारली तरी मान वळवायचा नाही. बाकीचे टीव्हीपुढे हसायचे आणि हा त्यांच्या तोंडांकडे बघत बसायचा. विचारलेलं एक, उत्तर भलतंच, नाहीतर नुसतं हसू. बाबांनी ओळखलं, "गोळ्या देतात रे याला. सुस्त ठेवलं की त्रास नाही." मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन तसल्या गोळ्यांबद्दल वाचलं. सगळी लक्षणं जुळत होती.

आणि त्यावर काकाची साक्ष. आम्ही निघालो की तो बाबांची बाही धरून म्हणायचा, "मला सांभळत नाय." त्याचं बोलणं पहिल्यापासून अडखळतं, अर्धी अक्षरं गिळलेली. बाबा माझ्याकडे बघायचे, "ऐकलंस? सांभाळत नाहीत म्हणतोय." त्याला घरी आणायचं दर रविवारी ठरायचं, आणि सोमवारी पाळी बदलायची...

दिवसकार्य झाल्यावर पोलिसात तक्रार द्यायचं बाबांनी पक्कं केलं. त्याआधी तोंडावर विचारतो म्हणून आम्ही तिघं करजणला गेलो. पाचवी खाट तशीच होती. काकाच्याच खोलीत राहणारा नटू खाली बसून पापडीच्या शेंगा सोलत होता. रमीलाबेननी पाणी पुढे केलं, बाबांनी घेतलं नाही.

"कोणती गोळी देत होतात त्याला?"

"गोळी?" त्यांचं हसू त्या दिवशी नव्हतं. "एक पण नहीं, भाई. डॉक्टरने पूछी जुओ."

"मग तो एकटा बाजारात काय करत होता?"

त्यांनी सांगितलं की दूध आणायला तो आणि नटू रोज जात. काका हुशार, म्हणून तो नटूला घेऊन जायचा. त्या दिवशी नटू झोपून होता आणि काकाला रस्ता पाठ होता, म्हणून त्यांनी एकट्याला जाऊ दिलं.

"आणि सांभाळत नाहीत असं तो दर रविवारी आम्हाला का सांगायचा?"

रमीलाबेन गोंधळल्या. "सांभळता नथी, एम? ए तो मने पण केतो. तमे जाओ पछी. मने एम के घरवाळा एनुं सांभळता नथी." आणि खाली बघून म्हणाल्या, "तमने मोढे केवी रीते कउं?" आमच्या तोंडावर हे सांगणं त्यांना जड गेलं होतं.

गुजरातीत सांभळवुं म्हणजे ऐकणं. आम्ही घराबाहेर दिवसभर गुजराती बोलतो, पण काका बोलायला लागला की आमचे कान मराठी होत. तो त्या घरात राहून गुजराती शब्द उचलू लागला असेल हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आम्हाला वाटलं, बेन त्याला सांभाळत नाहीत. बेनना वाटलं, आम्ही त्याचं ऐकत नाही. दोघांनी एकमेकांवर संशय घेतला आणि तो मात्र...

"म्हणजे कोण ऐकत नव्हतं?" बाबांनी विचारलं. कोणाला विचारलं ते मला कळलं नाही.

उत्तर नटूनं दिलं. तो आमच्याशी कधीच बोलला नव्हता. त्यानं पापडी बाजूला ठेवली आणि दोन्ही तळवे कानांवर दाबले. "बाळुना कान बंध," तो म्हणाला. "एने संभळातुं नथी. हुं एनो हाथ पकडुं. टेम्पो आवे तो खेंचुं."

रमीलाबेन पाचव्या खाटेच्या कडेला बसल्या. बाबा नटूसमोर खाली उकिडवे बसले आणि त्याच्याच भाषेत, अगदी हळू त्यांनी विचारलं, "तो ते दिवसे तुं क्यां हतो, बेटा?"

नटूनं बाबांचा हात घेऊन, ताप बघतात तसा, स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"मने ताव हतो."