दादाच्या दातांच्या खुणा

कवळीकाका हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं आणि त्यांना ते आवडायचं. उभा जन्म त्यांनी कवळ्या करण्यात घातला. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि काका घराच्या मागच्या खोलीत बसून दात घडवायचे. "गल्लीतले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात आणि माझ्याच दातांनी मला नावं ठेवतात," असं ते म्हणायचे.

त्याच खोलीत, त्याच हत्यारांनी त्यांचा आणखी एक उद्योग चालायचा. तंबाखू ओढायचे जुने पाइप जमवायचे आणि दुरुस्त करायचे. स्वतः त्यांनी कधी एक झुरका मारला नव्हता. धुराचा वास आला तरी ठसका लागायचा. जीव होता तो लाकडावर. भंगारबाजारातल्या एखाद्या गंजक्या डब्यातून जळका, चिकट पाइप उचलून आणायचा. तंबाखू भरायच्या वाटीतली काजळी खरवडायची, मीठ आणि स्पिरिट भरून ठेवून आतला कडवट वास ओढून काढायचा. तोंडात धरायचा कडक रबराचा काळा भाग, ज्याला ते 'तोंडी' म्हणत, जुना होऊन हिरवट पडलेला असायचा. तो घासून घासून काळाभोर करायचा. शेवटी कवळ्या चकाकवायच्या चाकावर मेण लावून फिरवला, की लाकडातल्या रेषा अशा वर यायच्या की बघत राहावं. खोलीतल्या फळ्या पाइपांनी भरून गेल्या होत्या.

"हे घर आहे की पाइपांचा वृद्धाश्रम?" काकू विचारायच्या. "आणि वृद्धाश्रमातली माणसं निदान खातात तरी."

"हे पण खातात की," काका म्हणायचे. "धूळ."

या सगळ्या पाइपांत काकांना सर्वांत चांगला जमलेला पाइप मात्र फळीवर नव्हता. तो त्यांनी दादाला दिला होता.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. छापखान्यात यंत्रावर असायचा. एक सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटलेली. तो निवृत्त झाला तेव्हा काकांनी मोठ्या हौसेनं तो पाइप त्याच्या हातात ठेवला. मनात हिशेब असा की, पाइप भरायचा म्हणजे खटाटोप. कंटाळा येईल आणि ओढणं आपोआप कमी होईल. दादानं आधी थट्टा केली, "मला साहेब करतोस काय रे?" पण नंतर त्या पाइपानं त्याचं तोंड सोडलं नाही. पेटलेला असो वा नसो, डाव्या कोपऱ्यात तो दातांत धरलेला असायचाच. त्याच्या शेजारून दादा बोलायचा, हसायचा, वहिनींशी भांडायचासुद्धा.

मग जिभेला एक फोड आला, तो बरा होईना. पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर म्हणाले, सिगारेट काय नि पाइप काय, तंबाखू ती तंबाखू. दादाची आधी चव गेली, मग बोलणं गेलं, मग दादाच गेला.

काकांना कुणी काही बोललं नाही. वहिनी तर नाहीच. पण कुणी काही बोललं नाही हेच काकांना खात राहिलं. वहिनींकडे गेले की ते चहाच्या कपातच बघत बसायचे. आज ना उद्या दोष देणारा तो शब्द येणार, असं त्यांना वाटायचं. वहिनी विचारायच्या, "साखर कमी झालीय का, भाऊजी?" आणि काका दचकायचे.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी वहिनी स्वतःच आल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला पाइप काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"कपाटात बुरशी धरलीय याला. जरा साफ करून देता का, भाऊजी?"

"देतो की," काका म्हणाले.

बुरशी वरवरची होती. ओल्या फडक्यानं पुसून काम भागलं असतं. पण काकांनी पाइप हातात घेतला आणि त्यांना तो हातात धरवेना. वाटीत दादानं जाळलेल्या तंबाखूचा जाड थर होता. तोंडीवर वरच्या बाजूनं दातांचे दोन खोल खळगे होते आणि खाली एक तिरका, कारण दादाचा खालचा एक दात वाकडा होता. आपण भावाला काय दिलं, हे त्या लाकडात आणि रबरात कोरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

त्यांनी काजळी पार तळापर्यंत खरवडली. मीठ आणि स्पिरिट एकदा भरून समाधान होईना, म्हणून पुन्हा भरलं. मग तोंडी दिव्याच्या ज्योतीवर लांबून फिरवली. जुनं कडक रबर गरम केलं की मूळ आकारावर परत येतं. खळगे हळूहळू वर आले, गुळगुळीत झाले, आणि चाकावर गेल्यावर नामोनिशाण उरलं नाही. कित्येक महिन्यांनी काकांना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

काकूंनी पाइप उलटसुलट करून बघितला. "नवा कोरा दिसतोय. ताईंना एकदा विचारायचं तरी." मोठ्या जावेला त्या ताई म्हणायच्या.

"साफ करायला दिलाय. त्यात विचारायचं काय?"

काका पाइप घेऊन वहिनींकडे गेले. वहिनींनी रुमाल उलगडला. त्यांचा अंगठा सवयीनं तोंडीवर गेला, एकदा वरून, एकदा खालून फिरला आणि थांबला. त्यांनी वाटी नाकाशी नेली.

"हा कुणाचा आणलात?"

"दादाचाच आहे, वहिनी."

"ह्यांचा नाही हा." मग त्यांच्या लक्षात आलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. "ह्यांचे दात होते यावर. रोज हात लावत होते मी. म्हणून तर बुरशीची काळजी वाटली मला." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्हीच दिलात, भाऊजी. आणि तुम्हीच पुसलात."

इतके महिने ज्या शब्दाची भीती होती तो असा आला. काका उठले, चपला उलट्या घालून निघाले, कोपऱ्यावर लक्षात आल्यावर सरळ केल्या.

त्यानंतर त्यांचं कामात लक्ष लागेना. एका आजोबांची कवळी परत आली. "दिसायला झकास आहे, पण चावत काही नाही," असा निरोप आला. काकू समजूत घालायच्या, "तुम्ही मुद्दाम केलंत का?" काकांना नेमकं तेच ठाऊक नव्हतं. बुरशी काढायला घेतलेला हात तिथंच का थांबला नाही? करायला गेलो चांगलं, की लपवायला गेलो आपलंच?

वहिनींनी पाइप काकूंच्या हाती परत पाठवला. नको म्हणाल्या.

एक दिवस माळ्यावरची खोकी आवरताना काकांना प्लास्टरचं एक मॉडेल सापडलं. वरचा आणि खालचा जबडा, तारेनं बांधलेला. कधीकाळी दादाची एक दाढ पडली होती, तेव्हा नवी बसवायला माप घेतलं होतं. बाकीच्यांची मॉडेलं काका फोडून टाकायचे, दादाचं राहून गेलं होतं. खालचा वाकडा दात जसाच्या तसा.

त्यांच्या मनात आलं ते त्यांनी लगेच केलं. तोंडी गरम करून मऊ केली, मॉडेलच्या डाव्या कोपऱ्यात धरली आणि दोन्ही जबडे दाबले. थंड झाल्यावर काढली, तर वर दोन खळगे, खाली एक तिरका. डोळे मिटून अंगठा फिरवला तर फरक कळला नसता.

काकू दारात उभ्या होत्या. "ताईंना काय सांगणार?"

"पुसट झाल्या होत्या, पुन्हा वर आल्या, असं काहीतरी."

"अहो, एकदा पुसलंत ते न सांगता. आता उठवणार तेही न सांगताच?"

जाताना काकांनी पाइपाबरोबर मॉडेलही वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलं.

वहिनींनी दार उघडलं आणि आत या म्हणाल्या नाहीत. पण दार लावलंही नाही. काका आत जाऊन उभेच राहिले. पाइप टेबलावर ठेवून त्यांनी जे केलं ते सांगून टाकलं. मॉडेल, गरम तोंडी, दाबलेले जबडे, सगळं. "खोट्या आहेत खुणा. पण दात त्याचेच आहेत."

वहिनींनी पाइप उचलला, अंगठा फिरवला. क्षणभर त्यांचे डोळे मिटले. मग त्यांनी तो काकांच्या हातात परत दिला.

"हा नको. दर वेळी तुम्ही दाबताना दिसाल मला." वर्तमानपत्राच्या पुडक्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ते दुसरं काय आहे बघू."

काकांनी वर्तमानपत्र सोडलं. वहिनींनी खालचा जबडा हातात घेतला, वाकड्या दातावर बोट ठेवलं आणि एकदम हसल्या. "हाच तो. लग्न ठरताना ह्यांनी मला सांगितलं होतं, पडून जाईल म्हणून. मेला, पडला नाही शेवटपर्यंत." हसता हसता त्यांना रडू फुटलं. काका नुसते उभे होते. पाणी आणून द्यावं एवढंही त्यांना सुचलं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "मी दिला नसता तर…"

"तुम्ही दिला नसता तर ह्यांनी दुसरं काही ओढलं असतं. असं मी रोज स्वतःला सांगते, भाऊजी. कधी पटतं, कधी नाही पटत. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

मॉडेल वहिनींनी ठेवून घेतलं. काका आता पुन्हा त्यांच्याकडे जातात. चहा होतो, चौकशी होते. पटल्याच्या दिवशी वहिनी जुन्या गोष्टी काढतात. न पटल्याच्या दिवशी त्या नुसता कप पुढे सरकवतात, आणि काका तो निमूट संपवून घरी येतात.