जाळीचं भोक

माझ्याकडे सात लोखंडी टोप्या होत्या आणि डोकं एकच, तेही फारसं वापरात नव्हतं.

सत्तर साल उजाडायच्या आधीची गोष्ट. भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांत आम्ही राहायचो आणि मला महायुद्धातल्या सैनिकांची शिरस्त्राणं जमवायचा नाद होता. (बायको, सुमन, त्यांना घमेली म्हणायची.) सातवी टोपी मुंबईच्या भंगार बाजारात मिळाली. शत्रूला दिसू नये म्हणून झाडपाला खोचायची असते ती जाळीही तिच्यावर होती, आणि जाळीला रुपयाएवढं भोक. दुकानदार भोकाबद्दल काहीच बोलला नव्हता. गोळी मी घरी येता येता मनातल्या मनात झाडली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची.

सुमनने विचारलं, जाळीला भोक आणि खालची टोपी धड, हे कसं? मी म्हटलं, चाटून गेली.

ऑफिसात ही हकिगत इतकी रंगली, की आमच्या साहेबांनी स्वतःच घरी यायचं ठरवलं. त्यांनाही जुन्या वस्तूंची आवड. रविवारी सकाळी आले, खुर्चीवर बसले. मी गोळी, जंगल, तो जवान, सगळं सांगून घेतलं आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी ती फिरवून फिरवून पाहिली. "भोक कुठाय?"

भोक नव्हतं. जाळी अखंड होती.

सुमन पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली ती खुशीतच. पाहुण्यांसमोर फाटकं कसं दाखवायचं, म्हणून तिने गुरुवारी जाळी हिरूबाईकडे दिली होती. हिरूबाई म्हणजे भाईंदरजवळच्या मोरवा गावची कोळीण, आमच्याकडे बोंबील घेऊन यायची. तिने दोन दिवसांत जाळी सांधून आणून दिली, वर मोबदला घ्यायला तयार नाही.

आणि त्याच वेळी हिरूबाई दारात उभी. टोपली खाली ठेवून, काम पसंत पडलं का ते बघायला आलेली.

मी तिच्यावर ओरडलो. साहेबांसमोर, शेजारपाजार ऐकेल असा. इतिहासाचं वाटोळं केलंस, गोळीची खूण बुजवलीस, आणि शेवटी, "मासळीचे हात लावायची ही वस्तू आहे का? तुला काय कळतं यातलं?"

हिरूबाईने हात पदराला पुसले. हे मला आजही दिसतं.

"गोळी न्हाय ती, दादा," ती म्हणाली. "उंदरानी कुरतडलेली. धाग्यावर दात दिसत व्हते."

मग तिने सांगितलं. लढाईच्या वेळी ती परकरात होती. कंत्राटदार गावात सूत आणून टाकायचा आणि घराघरांतल्या पोरी दिवसभर बसून असल्याच जाळ्या विणायच्या. तिच्या घरातली गाठ वेगळी, डाव्या हाताची. या जाळीतल्या गाठी तशाच निघाल्या, म्हणून तिने पैसे घेतले नव्हते.

"माझ्या आयेनं इनलीय का मी, सांगता यायचं न्हाय," ती म्हणाली. मग मला विचारलं, "ही ज्याच्या डोक्यावर व्हती, तो घरी आला का?"

सात टोप्या जमवल्या, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ब्रह्मदेशातला माझा जवान एकाएकी कुठे गेला कळेना.

साहेब उठले आणि त्यांनी आपली खुर्ची हिरूबाईला दिली. ती बसली नाही, उंबऱ्यावरच टेकली. मग साहेबही चटईवर बसले. तासभर ते तिला विचारत होते आणि ती सांगत होती. मी चहा आणून दिला, तेवढंच काम माझ्याजोगं उरलं होतं.

मंगळवारी मी मोरव्याला जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, असूदे, आणि दोन बोंबील जास्त दिले. ती माझ्यावर ओरडली असती, त्यापेक्षा ते मला जड गेले.

साहेब त्यानंतर दोनदा भाईंदरला येऊन गेले. दोन्ही वेळा स्टेशनवर उतरून थेट मोरव्याला गेले. मला ते त्यांच्या शिपायाकडून कळलं.